गाडी लोखंडाची, दुखणं लाकडाचं

जुनी गाडी घरी खोलायची म्हटलं की सगळे आधी गंज शोधतात. मडगार्ड ठोकून बघतात, मॅग्नेट लावून पुट्टी कुठे भरलीय ते बघतात. पण गाडी एमजी टीसी किंवा मॉर्गन अशा जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स गाड्यांच्या जातीची असेल ना, तर पत्रा चकाचक असूनही आतून सगळं संपलेलं असू शकतं, कारण तो पत्रा ज्याच्यावर खिळ्यांनी ठोकलाय ते लाकूड आहे. आणि आपल्या नागपुरात त्या लाकडाचे जे हाल होतात ते इंग्लंडात ती गाडी बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही आले नसतील.

आधी एक गैरसमज काढून टाकू. या गाड्यांची चासी, म्हणजे सगळा भार पेलणारी खालची चौकट, लाकडाची नसते. खाली स्टीलची चासी, इंजिन-सस्पेन्शन सगळं तिच्यावर, आणि वर बॉडीचा जो सांगाडा असतो तो अ‍ॅश नावाच्या लाकडाचा. (अपवाद आहे, मार्कोस. जेम मार्श आणि फ्रँक कॉस्टिन यांनी १९५९ मध्ये सुरू केलेल्या या कंपनीच्या सुरुवातीच्या गाड्यांची चासीच प्लायवूडची होती, आणि त्या रेसमध्ये धावल्या पण.) लाकूडच का, तर पत्रा प्रेसमध्ये दाबून आकार द्यायचा तर महागड्या डाय, म्हणजे साचे लागतात, हजारोंनी गाड्या विकल्या तरच परवडतं. टीसी १९४५ ते १९४९ मध्ये सगळ्या मिळून दहा हजारांच्या आसपास बनल्या, तेवढ्यासाठी सुतार आणि पत्रेवाले स्वस्त पडायचे. अ‍ॅश चिवट, धक्का खातं, वाफेवर छान वाकतं. फक्त सडण्याच्या बाबतीत एकदम कच्चं.

आता खरी गोष्ट. लाकूड कापून, वाळवून, रंग मारून गाडीत बसवलं तरी ते हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं, आयुष्यभर. हवा जितकी दमट त्या हिशोबानं लाकडात पाणी किती राहणार ते ठरतं. मे महिन्यात दुपारी ४५ डिग्री आणि आर्द्रता २० टक्के किंवा त्याच्याही खाली, तेव्हा लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या ४-५ टक्क्यांकडे उतरू लागतं. ऑगस्टात आर्द्रता ८० च्या पुढे गेली की तेच १५-१६ टक्क्यांकडे चढू लागतं. घरातलं बाथरूमचं दार पावसाळ्यात अडकतं ते यामुळेच. आणि कूलरला विसरू नका. कूलरच्या हवेत ठेवलेली गाडी आणि बाहेर टिनाच्या शेडमध्ये ठेवलेली गाडी, मे महिन्यात दोघींचं हवामानच वेगळं असतं राजेहो.

आकडा काढून बघू. सागवान ओलं कापल्यापासून भट्टीत पूर्ण सुकेपर्यंत वर्षवलयांच्या कडेकडेनं ५.८ टक्के आकसतं, अमेरिकन पांढरं अ‍ॅश ७.८ टक्के. वलयांना आडवं, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे, आकसणं बरंच कमी, आणि लांबीत तर जवळपास शून्य. हे आकसणं लाकडातलं पाणी साधारण ३० टक्क्यांच्या खाली आल्यावर सुरू होतं, म्हणून पाण्यात १० टक्क्यांचा फरक पडला की ७५ मिलिमीटर रुंद अ‍ॅशची पट्टी जवळजवळ २ मिलिमीटर हलणार आणि सागवानाची दीड. जाड लाकडाच्या आतपर्यंत ओल पोचायला वेळ लागतो म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी, पण दाराची फटच मुळात ३-४ मिलिमीटरची! त्यात वरून उन्हात काळ्या बॉडीचा पत्रा ७० डिग्रीपर्यंत तापतो. ४० डिग्रीनं तापलेला एक मीटर स्टीलचा पत्रा अर्धा मिलिमीटर वाढतो, अ‍ॅल्युमिनियमचा जवळजवळ दुप्पट, आणि नेमकं त्याच वेळी खालचं लाकूड सुकून आकसतंय. मधला खिळा दर उन्हाळ्यात थोडा थोडा सैल होणारच, आणि सैल खिळ्याच्या भोकातून पहिल्याच पावसात पाणी आत.

ओळखीतल्या एका काकांकडे अशीच एक गाडी खोलली होती. ड्रायव्हरच्या दाराखालची लांब पट्टी, सिल म्हणतात ती, वरून रंगासकट धडधाकट. स्क्रू ड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत. पत्रा उचलल्यावर लाकूड जळक्या कोळशासारखं चौकोनी चौकोनी तुकड्यांत फाटलेलं, बोटानं चोळलं की तपकिरी भुकटी. ही बुरशीची करामत. ती लाकडाला ताकद देणारे सेल्युलोजचे तंतू खाते आणि त्यांना धरून ठेवणारं तपकिरी लिग्निन मागे ठेवते, आणि वजन ५-१० टक्के कमी व्हायच्या आतच कधी कधी निम्म्याहून जास्त ताकद गेलेली असते, म्हणून नुसतं बघून किंवा उचलून काही कळत नाही. लाकडात २० टक्क्यांहून कमी पाणी असलं तर बुरशी वाढत नाही. म्हणजे नुसती दमट हवा तिला पुरत नाही, कुठेतरी पाणी साचायला लागतं, आणि सिलच्या वरचा पत्रा ते काम मनापासून करतो. स्क्रू पण बघा, लोखंडाचा स्क्रू ओल्या लाकडात गंजला की ते गंजलेलं लोखंडच आजूबाजूचं सेल्युलोज तोडायला मदत करतं, म्हणून सड स्क्रूच्या भोवती आधी दिसते.

मग नवीन लाकूड कोणतं? नागपुरात हा प्रश्न विचारला की उत्तर एकच, सागवान टाका ना भाऊ! चुकीचं नाही ते. लकडगंजात, म्हणजे इथल्या लाकडाच्या बाजारात, चांगलं मिळतं, आलापल्ली-बल्लारशाच्या सागवानाचं नाव देशभर आहे, नव्या संसद भवनाचं सागवानही नागपूरहूनच गेलंय. सडत नाही, उधई सहसा लागत नाही, कमी हलतं. पण धक्का खाण्यात ते अ‍ॅशच्या मागे आणि वाफेवर वाकवायला नखरे करतं. माझं मत असं की सिलसारख्या सरळ, खालच्या, पाणी लागणाऱ्या पट्ट्या बिनधास्त सागवानाच्या करा, दाराचे बिजागर ज्याच्यावर लटकतात तो खांब आणि मागचे गोल भाग मात्र अ‍ॅशचेच ठेवा, महाग पडलं तरी. फळी घेताना आरा मशीनवाल्याला सांगून कापलेल्या टोकाकडून वलयं उभी दिसणारी घ्या, ती रुंदीत कमी हलते.

चिकटवताना सागवानातलं तेल आडवं येतं, म्हणून रंधा मारून लगेच अ‍ॅसिटोननं पुसायचं आणि तेव्हाच जोडायचं. आणि गोंद! हे कोणी सांगत नाही म्हणून जोर देऊन सांगतो. घरी खोलीच्या तापमानाला सेट होणारा साधा इपॉक्सी ५०-६० डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागतो, पांढरा पीव्हीए, म्हणजे सुतारांचा नेहमीचा पांढरा गोंद, तर त्याच्याही आधी. लंडनमध्ये काही बिघडत नाही, इथे मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीचा पत्रा त्याच्या वर जातो आणि वाकवून चिकटवलेल्या पट्ट्या हळूहळू सरळ व्हायला बघतात. रिसॉर्सिनॉलचा गोंद उष्णता आणि पाणी दोन्ही सहन करतो, रंग गडद लाल-तपकिरी, पण पत्र्याखाली कोण बघतंय. जोड मात्र घट्ट बसला पाहिजे, फट भरायचं काम तो करत नाही.

वाकवायचं असेल तर वाफ. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारं लिग्निन १०० डिग्रीच्या ओल्या वाफेत मऊ पडतं. एक इंच जाडीला साधारण तासभर, आणि ज्या पेटीत लाकूड ठेवून वाफ सोडता तिला एका बाजूनं वाफ बाहेर जायला वाट ठेवाच. मऊ झालेलं लाकूड पाव हिश्श्यापर्यंत दबून घेतं, पण ताणलं तर १-२ टक्क्यांतच तुटतं, म्हणून बाहेरच्या बाजूला स्टीलची पट्टी घट्ट लावून वाकवतात, म्हणजे सगळं दबण्यावर जातं. बाहेर काढल्यावर हातात मोजकेच सेकंद, तेव्हा क्लॅम्प आधीच मांडून ठेवा. हे झंझट नको असेल तर पातळ पट्ट्या थरावर थर चिकटवून साच्यात दाबायच्या, मॉर्गनवाले मागच्या चाकावरच्या कमानी अशाच करतात.

राहिला प्रश्न काम कोणत्या महिन्यात काढायचं याचा. लोक सुट्ट्या लागल्या म्हणून मे महिन्यात लाकूडकाम काढतात, आणि कडकडीत सुकलेल्या लाकडावर मापं घेऊन दार एकदम फिट बसवतात, मग जुलैत दार उघडत नाही. पावसाळ्यात केलं तर उलटं, उन्हाळ्यात सगळं खुळखुळ वाजतं. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत लाकूड साधारण ९-१० टक्क्यांवर असतं, वर्षाच्या दोन्ही टोकांच्या मधोमध. तेव्हा मापं घ्या, तेव्हाच जोड बसवा. दोन पिनांचं मॉइश्चर मीटर मिळतं, ते लाकडातून वीज किती अडते ते बघून आकडा सांगतं, ओलं तितकी वीज सहज जाते. फक्त बुरशी-किडीसाठी बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडचं औषध लाकडाला आधी पाजलं असेल तर क्षारांमुळे मीटर जास्त दाखवतं, म्हणून मोजणी आधी आणि औषध नंतर. आणि काही झालं तरी मेमध्येच दार बसवायची वेळ आली, तर फट नेहमीपेक्षा दीड-दोन मिलिमीटर जास्त सोडा, दिसायला वाईट दिसली तरी.