कल्पित खंड : तिथले देश आणि तिथले लोक

कल्पित खंड म्हणजे कुणीतरी आपल्या डोक्यातून उभा केलेला अख्खा भूभाग. त्यात डोंगर, नद्या, किनारे असतात, त्यावर पाच-दहा देश असतात आणि त्या देशांमध्ये राहणारे, एकमेकांशी व्यापार नाहीतर मारामारी करणारे लोक असतात. फँटसी कथा, रोल प्लेइंग गेम (ज्यात खेळणारा एखादं पात्र होऊन खेळतो), व्हिडिओ गेम सगळीकडे आता हे दिसतं आणि बहुतेक वेळा वाचकाच्या हातात आधी पडतो तो नकाशा. पण नुसता नकाशा देखणा असून भागत नाही. ही माणसं इथेच का राहतात, काय पिकवतात, शेजाऱ्याशी नेमकं कशावरून वाजतं, याची उत्तरं त्या जमिनीतूनच मिळायला लागली की खंड खरा वाटायला लागतो.

न पाहिलेल्या भूमीवर देश आणि लोक बसवायची हौस फार जुनी आहे. विष्णुपुराणात पृथ्वीची सात द्वीपं सांगितली आहेत, जंबू, प्लक्ष, शाल्मली, कुश, क्रौंच, शाक आणि पुष्कर, प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट, आणि त्यांच्याभोवती क्रमाने खारं पाणी, उसाचा रस, मद्य, तूप, दही, दूध आणि गोडं पाणी असे समुद्र. बहुतेक द्वीपांना स्वतःचे पर्वत, स्वतःच्या नद्या आणि समाजाचे स्वतःचे चार वर्गसुद्धा दिलेत, उदाहरणार्थ शाकद्वीपात मग, मागध, मानस आणि मंदग. रचणाऱ्यांसाठी ही विश्वाची मांडणी होती, करमणुकीची कथा नव्हती, त्यामुळे तिला सरळ फँटसीच्या रांगेत बसवणं बरोबर नाही, पण जागा बदलली की तिथल्या समाजाची नावंही बदलायला हवीत ही जाण त्यात आहे आणि मला ती फार मोलाची वाटते.

ग्रीकांकडे प्लेटोने इ.स.पू. चौथ्या शतकात अटलांटिस रचलं, आजच्या जिब्राल्टरच्या पलीकडे, दहा राजांचं, राजधानीभोवती पाणी आणि जमीन यांची आलटून-पालटून कडी असलेलं. पुढे तर कल्पित खंड खऱ्या नकाशांत शिरले. ऑर्टेलियस या नकाशाकाराच्या 1570 च्या नकाशात दक्षिणेला एक अवाढव्य खंड काढलेला आहे जो कुणी बघितलाच नव्हता, आणि कॅप्टन कुकने 1772 ते 1775 च्या सफरीत दक्षिणेचे समुद्र पालथे घातले तेव्हा कुठे तो तेवढा मोठा नाही हे पक्कं झालं. 1864 मध्ये फिलिप स्क्लेटर या प्राणिशास्त्रज्ञाने मादागास्कर आणि भारत यांच्यातलं प्राण्यांचं साम्य समजावून घ्यायला लेमुरिया नावाचा बुडालेला खंड सुचवला. तो विज्ञानातून गेला, कारण खंडच सरकतात हे नंतर कळलं, पण लोकांच्या कल्पनेत अजून आहे.

आजच्या फँटसीतली घडण मुख्यतः विसाव्या शतकातली. 1930 च्या दशकात कोनन या योद्ध्याच्या कथा लिहिणाऱ्या रॉबर्ट हॉवर्डने आपल्या कथांसाठी एक हरवलेलं युग आणि त्यातली राज्यं लिहून काढली, ज्यात इतिहासातले खरे लोक थोडा वेश बदलून येतात. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणारे टोल्कीन भाषांचे प्राध्यापक, त्यांनी आधी भाषा घडवल्या आणि त्या बोलणारे लोक त्यातून वाढवले. या दोन वाटा आजही चालू आहेत. मला दुसरी जास्त पटते, पण तिला वर्षं लागतात. त्यामुळे तिसरी वाट बघू, जमिनीपासून सुरू करायची, आणि ती कुणालाही जमते.

सगळ्यात आधी वारा आणि डोंगर. वारा समुद्राकडून येतो, डोंगराला अडतो, पाऊस अलीकडे पडतो आणि पलीकडे पर्जन्यछायेचा कोरडा प्रदेश तयार होतो. अँडीजच्या पश्चिमेला दक्षिण चिलीत दाट जंगल आहे आणि पूर्वेला पॅटागोनिया कोरडा आहे तो याचमुळे. विषुववृत्तापासून साधारण 30 अंशांच्या आसपास वाळवंटं जास्त असतात, सहारा, कलहारी, ऑस्ट्रेलियाचा मधला भाग बघा. नद्या एकमेकींना मिळतात, वाटेत फुटून दोन समुद्रांकडे जात नाहीत, आणि नवख्या नकाशांत ही चूक सर्रास असते. व्हेनेझुएलातला कासिकियारे हा प्रवाह ओरिनोको नदीचं पाणी अॅमेझॉनच्या खोऱ्यात नेतो हे खरंय, पण तो जगप्रसिद्ध झाला तो अपवाद आहे म्हणूनच.

आता एक खंड घ्या, नावं नकोत. पश्चिम किनाऱ्याला लागून उत्तर-दक्षिण डोंगररांग, वारा पश्चिमेकडून. किनाऱ्यावर चिंचोळी ओली पट्टी, आखूड खळाळत्या नद्या, जंगल. इथली खोरी एकमेकींपासून तुटलेली, म्हणून एक मोठं राज्य होणं अवघड, प्रत्येक बंदराचा आपला कारभार, लाकूड आणि जहाजं हा धंदा. रांगेच्या पूर्वेला कोरडं गवताळ पठार, तिथे जनावरं घेऊन फिरणारे लोक, त्यांच्याकडे लोकर, कातडी, घोडे भरपूर आणि धान्य, लोखंड कमी, म्हणजे ते एक वर्ष व्यापार करणार आणि दुष्काळ पडला की तेच लोक लुटायला येणार. आणि डोंगरावरच्या बर्फातून निघून या कोरड्या मुलखातून पूर्वेला वाहणारी एक मोठी नदी, नाईल इजिप्तमधून जाते तशी.

नदीकाठच्या देशाकडे जरा जवळून बघूया. इथे पाऊस नाही, सगळं कालव्यावर. कालवा आला की पाण्याची पाळी आली, पाळी आली की ती लिहून ठेवणारा कारकून आला, कारकुनाचा पगार द्यायला सारा आला आणि सारा वसूल करायला शिपाई. मजबूत दरबार असा पाण्यातून उगवतो. मग भांडण कुठे होणार? हेडच्या, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीच्या गावाला पाणी भरपूर, टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या गावापर्यंत पोचेपर्यंत ते संपलेलं असतं आणि सारा मात्र दोघांना सारखाच, त्यामुळे बंड होणार ते टेलच्या गावात, ते पण पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी, जेव्हा रोप सुकायला लागतं आणि पाळी हुकलेली असते. लेखकाला इथे दुष्ट राजा आणायची गरजच पडत नाही.

डोंगरातल्या खिंडीही तशाच. दोनच खिंडी असतील आणि त्या उन्हाळ्यातच उघडत असतील तर तिथले हमाल आणि वाटाडे कुणाचेच मिंधे राहत नाहीत. समुद्राच्या अरुंद वाटेचं तर काय सांगावं. डेन्मार्कने आज त्याच्या आणि स्वीडनच्या मधे असलेल्या ओरेसुंड सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांकडून 1429 पासून थेट 1857 पर्यंत कर घेतला, चारशे वर्षांहून जास्त, आणि त्या राजांच्या खजिन्याचा तो मोठा आधार होता. कल्पित खंडात सामुद्रधुनी काढली आणि तिच्या काठावर कर घेणारं कुणीच नसेल तर ती जागा वाया गेली.

अंतराचा हिशोब बहुतेक जण विसरतात. माणूस पायी दिवसाला साधारण 25 ते 30 किलोमीटर चालतो. म्हणजे 1000 किलोमीटर रुंद देशात टोकाची बातमी चालत राजधानीला यायला महिना-सव्वा महिना, उत्तर परत जायला तेवढाच. घोड्यांची टपाल असली तर लवकर, पण फौज काही टपालाच्या वेगाने जात नाही. त्यामुळे सीमेवरचा सुभेदार निम्मा राजाच असतो. आणि यंत्रांच्या आधीच्या समाजात बहुसंख्य लोक शेतीवर राबतात तेव्हा कुठे थोड्यांना सैनिक, पुजारी, कारागीर होता येतं. नकाशावर भलंमोठं शहर दाखवायचं तर त्याला पोसणारी गावं आणि धान्य आणणारं पाणी शेजारी हवं, कारण जुन्या काळी बैलगाडीपेक्षा जहाजाने माल नेणं कितीतरी स्वस्त पडायचं.

सीमांबद्दल. रंगीत नकाशात प्रत्येक देश एका रेषेने दुसऱ्यापासून वेगळा असतो, पण अशी नेमकी रेषा ही बरीच उशिराची गोष्ट आहे. फ्रान्स आणि स्पेन यांच्यात 1659 मध्ये पिरनीजचा तह झाला, त्यात पिरनीज डोंगरातल्या सेर्दान्या या भागातली काही गावं फ्रान्सला द्यायचं ठरलं, पण यीव्हिया हे गाव नव्हतं, त्याला नगराचा दर्जा होता, म्हणून ते स्पेनकडेच राहिलं आणि आजही चारी बाजूंनी फ्रान्सने वेढलेलं आहे. कातालान बोलणारे लोक मात्र रेषेच्या दोन्हीकडे राहिले. एवढी एक गोष्ट कल्पित खंडात आणा, सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच भाषा बोलणारे सोयरे आणि मधे दोन राजांची जकात, की कथानकं आपोआप सुचायला लागतात. उलटही होतं. पापुआ न्यू गिनीत डोंगर, जंगल आणि बऱ्याच जुन्या वस्तीमुळे 800 हून जास्त भाषा आहेत, तेव्हा एक देश, एक भाषा, एक पोशाख हे गणित अवघड मुलखात टिकत नाही.

या सगळ्या प्रकारातली सगळ्यात मोठी खोट म्हणजे एका लोकसमूहाला एकच स्वभाव देऊन टाकणं. उत्तरेचे शूर, दक्षिणेचे कपटी, वाळवंटातले क्रूर, जंगलातले शहाणे. वंशावरून माणसाचा स्वभाव ठरतो या जुन्या, घातक समजुतीची ही सावली आहे आणि ती काल्पनिक आहे म्हणून निरुपद्रवी होत नाही, कारण वाचणारी मुलं तोच साचा खऱ्या माणसांना लावतात. यावर उपाय एवढाच की प्रत्येक लोकसमूहात आतली भांडणं दाखवायची, जमीन असलेले आणि नसलेले, जुन्या देवाचे आणि नव्या देवाचे, म्हातारे आणि तरुण, माहेरची बाजू घेणारी राणी आणि तिच्यावर नजर ठेवणारा दिवाण.

माणसाहून वेगळे लोक असतील तर हाच नियम आणखी खोल न्यायचा. समजा एका जातीचे लोक पाचशे वर्षं जगतात. मग दोनशे वर्षांपूर्वीच्या तहावर सही करणारा अजून जिवंत आहे, त्याला प्रत्येक शब्द आठवतो, आणि समोरच्या माणसांच्या आठ पिढ्या उलटून गेल्यात, त्यांना तो तह म्हणजे पणजोबाच्याही आधीची दंतकथा. वडील चारशे वर्षं गादी सोडत नसतील तर मुलं काय करतील, ती दूर जाऊन नवी गावं वसवतील, आणि अशा वस्त्या खंडभर विखुरलेल्या दिसतील. उडणारी जनावरं पाळलेली असतील तर तटबंदीला अर्थ उरत नाही, किल्ले जमिनीखाली जातील आणि त्या खिंडीतल्या हमालांचा रोजगारही बुडेल.