पिकअप बदलायचाय? मीटरवरच्या आकड्यावर जाऊ नका

इलेक्ट्रिक गिटारचा नवा पिकअप (स्ट्रिंगचं कंपन चुंबक आणि तारेच्या कॉइलने सिग्नलमध्ये बदलणारा भाग) घेताना जवळपास सगळे आधी डीसी रेझिस्टन्स, म्हणजे कॉइलच्या तारेचा विजेला होणारा विरोध, बघतात. ८ किलोओहमपेक्षा १४ वाला जास्त दणदणीत, असा हिशोब. तो फसवा आहे. कॉइलची तार ४२ गेजऐवजी ४३ किंवा ४४ गेजची, म्हणजे आणखी बारीक घेतली, की वेढे तेवढेच राहूनही रेझिस्टन्स वाढतो. शिवाय तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के चढतो. २२ अंशांवर ८ दाखवणारा पिकअप ३८ अंशांवर साडेआठ दाखवेल. आवाज ठरतो तो वेढे, चुंबक आणि इंडक्टन्स (कॉइलचा बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) यांवर. चुंबकांत अल्निको (अ‍ॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचा मिश्रधातू) २ मऊ वाजतो, अल्निको ५ जास्त ठसठशीत, सिरॅमिक साधारणपणे आणखी जोरकस.

स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या) ब्रिजला, म्हणजे स्ट्रिंग बॉडीवर टेकतात त्या टोकाला, हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) बसवून ‘आवाज दबला’ म्हणणाऱ्यांनी व्हॉल्यूम पॉट (आवाजाच्या नॉबखालचा बदलता रेझिस्टर) तपासावा. सिंगल कॉइलसाठीचा (एकाच कॉइलच्या पिकअपसाठीचा) २५० के, म्हणजे किलोओहमचा, पॉट हंबकरची वरची धार खातो. तिथे ५०० के हवा. विकत घेण्याआधी ब्रिजवर दोन्ही टोकांच्या ई स्ट्रिंगमधलं अंतर मोजा. हंबकर साधारण ४९ आणि ५२-५३ मिलिमीटर अशा दोन मापांत मिळतात.

जोडणीआधी फोटो काढा. चार वायरींचा पिकअप असेल तर रंगांवर आंधळा विश्वास नको: सीमर डंकन कंपनीच्या पिकअपमध्ये काळी हॉट (सिग्नलची वायर), लाल-पांढरी एकत्र जोडून टेप लावायच्या, डिमार्झिओत लाल हॉट, काळी-पांढरी एकत्र. दोन्हींत हिरवी ग्राउंडला.

जुना आणि नवा पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पातळ, नाकातला येतो तेव्हा फेज उलटी असते, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांना कापतात. हे आधीच कळतं: मल्टीमीटर २० किलोओहमवर ठेवून हॉट-ग्राउंडला लावा, स्क्रूड्रायव्हर पोलवर (पिकअपच्या, स्ट्रिंगखालच्या धातूच्या टोकावर) टेकवा आणि झटकन उचला. उचलताना आकडा क्षणभर वर जातो की खाली, ते बघा. दोन्ही पिकअपची दिशा सारखी हवी. नसेल तर एकाच्या वायरी उलट करा. धातूचं कव्हर असेल तर मात्र त्याचं ग्राउंड आधी कॉइलपासून वेगळं करा, नाहीतर कव्हरच हॉट होऊन गुणगुणेल.

पॉटच्या पाठीवर सोल्डर धरत नाही, कारण तो धातू उष्णता ओढून घेतो. पाठ पॉलिश पेपरने घासा, रुंद टोकाचं ४०-६० वॅटचं आयर्न वापरा आणि काही सेकंदांत काम उरका. जास्त तापवलं तर आतला कार्बन ट्रॅक जातो. स्ट्रिंगला हात लावूनही गुणगुण कमी झाली नाही, तर ब्रिजची ग्राउंड वायर सुटलेली असते.

शेवटी पिकअपची उंची. दोन्ही ई शेवटच्या फ्रेटवर दाबून हंबकरसाठी स्ट्रिंगपासून ब्रिजला १.६, नेककडच्या पिकअपला २.४ मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करा. स्ट्रॅटच्या सिंगल कॉइलला त्याहून थोडं जास्त, कारण तिथे पोल स्वतःच चुंबक असतात. फार जवळ आणले तर जाड स्ट्रिंगला ओढतात, वरच्या फ्रेटवर सूर डळमळतो आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं) काही केल्या जुळत नाही. खरं तर हा उंचीचा स्क्रू नवा पिकअप घ्यायच्या आधीच फिरवून बघावा. बऱ्याच गिटारींना तेवढंच पुरतं.