सागरी टाकीचे पाणी

घरच्या काचेच्या टाकीत क्लाउनफिश, कोळंबी, शंख-शिंपले, प्रवाळ असे समुद्री जीव जगवण्यासाठी निवडलेले व तयार केलेले खारे पाणी. ते दोन वाटांनी मिळते : समुद्रावरून भरून आणून, किंवा शुद्ध गोड्या पाण्यात बाजारात मिळणारे सागरी क्षारमिश्रण विरघळवून. नवशिक्याला तिसरी वाट सुचते, ती स्वयंपाकघरातल्या मिठाची. ती का चालत नाही, हे मिठागरात उभे राहिले की कळते. भरतीचे पाणी वाफ्यांत कोंडून उन्हाने आटवले की आधी चुन्याचे क्षार खाली बसतात, मग मिठाचे दाणे धरतात, आणि मॅग्नेशियम शेवटच्या कडवट पाण्यात उरते. ते पाणी मिठापासून वेगळे काढतात. म्हणजे आपल्या बरणीत येते ते समुद्रातून वेगळे काढलेले सोडियम क्लोराइड, वर आयोडीन आणि गुठळ्या न होण्यासाठी घातलेला पदार्थ. कवच आणि सांगाडा बांधणाऱ्या जीवांना नेमके मागे राहिलेले तेच हवे असते.

एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत क्लोराइड सुमारे १९ ग्रॅम, सोडियम पावणेअकरा, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी ०.४ ग्रॅमच्या आसपास. खुल्या समुद्रात खारेपणा कमी-जास्त झाला तरी या घटकांचे आपसांतले प्रमाण जवळपास बदलत नाही. ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२–७६ च्या सफरीत जगभरातून आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने तपासून विल्यम डिटमार यांनी १८८४ मध्ये हे पक्के केले. कृत्रिम सागरी पाण्याचा सगळा व्यवहार या स्थिर प्रमाणावर उभा आहे. हौशी लोकांनी मात्र त्याआधीच हात घातला होता : १८५४ मध्ये इंग्रज निसर्ग-अभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांनी चार क्षारांचे मिश्रण सुचवले होते.

किनाऱ्यावर राहणाऱ्याला समुद्राचे पाणी फुकट वाटते. कोकणात ते पावसाळ्यात घेऊच नये. नद्या-ओढ्यांच्या पुराने मुखाजवळचा खारेपणा उतरतो आणि पाणी गढूळ होते. मुंबईत तर मिठी नदी जिथे मिळते त्या माहीमच्या खाडीसारख्या जागा बारमाही वर्ज्य. घ्यायचेच तर पाऊस संपून बरेच दिवस गेल्यावर, वस्ती, बंदर आणि खाडीपासून दूर, भरतीच्या वेळी. आणलेले पाणी गाळून झाकणाच्या पिंपात अंधारात ठेवतात. त्यातले सूक्ष्म जीव मरून कुजतात, म्हणून काही आठवडे थांबून अमोनिया शून्य आल्याशिवाय ते टाकीत जात नाही. पाण्यासोबत प्रवाळाचा तुकडा उचलून आणण्याचा मोह काहींना होतो; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळांना संरक्षण आहे आणि तो तुकडा घरात ठेवणे हा गुन्हा ठरू शकतो. हे सगळे पाहता, समुद्र दारात असला तरी मिश्रणाचा खर्च परवडतो.

मिश्रण कितीही उंची असले तरी खाली गोडे पाणी कसे आहे यावर पुढचे ठरते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो हवा खेळवल्याने उडतो किंवा हायपोने, म्हणजे सोडियम थायोसल्फेटने, मारता येतो. पाण्यात क्लोरामीन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग, असेल तर हायपोने क्लोरीन जातो, पण अमोनिया मागे राहतो, आणि समुद्री पाण्याचा सामू (पीएच) ८.१–८.३ असल्याने तो गोड्या पाण्यापेक्षा इथे अधिक विषारी ठरतो. बोअरच्या पाण्यातले नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिका शेवाळाला खाऊ घालतात. तांब्याचा अंशही कोळंबी आणि प्रवाळ मारायला पुरतो. म्हणून आरओ, म्हणजे दाबाने पाणी सूक्ष्म पडद्यातून गाळणारे यंत्र, आणि त्यापुढे डीआय रेझिन, म्हणजे विरघळलेले क्षार धरून ठेवणारे दाणे, ही जोडी वापरतात. पडदा बहुतेक क्षार अडवतो, उरलेसुरले रेझिन धरते, आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण पदार्थांचे प्रमाण, मोजणाऱ्या मीटरवर ० दिसते. घरातल्या पिण्याच्या आरओवर विसंबण्यात मोठा घोटाळा आहे. त्यातल्या अनेक यंत्रांत चवीसाठी थोडे कच्चे पाणी परत मिसळण्याची किंवा खनिजे घालण्याची सोय असते. नळाखाली मीटर धरला की ७०–८० असा आकडा येतो आणि मालक चकित होतो. आरओचे फेकले जाणारे पाणी शुद्ध पाण्याहून अनेकदा दुप्पट-तिप्पट असते. टँकर येणाऱ्या सोसायटीत ते फरशी पुसायला न ठेवणे शोभत नाही.

मिसळताना क्रम उलटू नये : आधी पाणी, मग क्षार. २० लिटरच्या बादलीला साधारण ७०० ते ७५० ग्रॅम लागते. बादलीत छोटा पंप फिरता ठेवून मूठमूठ सोडायचे. कोरड्या मिश्रणावर पाणी ओतले, तर तळाशी दाट झालेल्या द्रावणात कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरतात, पाणी दुधासारखे पांढरे होते आणि बादलीला खरखरीत थर चढतो. तो पुन्हा विरघळत नाही; त्याची भरपाई जास्त मीठ घालून होत नाही, बादली ओतून द्यावी लागते. नीट मिसळलेले पाणी काही तासांत काचेसारखे दिसते, तरी एक रात्र पंप चालू ठेवण्याची पद्धत आहे. भांडे खाद्यपदार्थांच्या दर्जाच्या प्लास्टिकचे असावे, धातूचे नाही.

खारेपणाच्या मोजणीसाठी रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे पाण्यात प्रकाश किती वळतो त्यावरून खारेपणा दाखवणाऱ्या उपकरणाच्या, काचेवर एक थेंब टाकून उजेडाकडे पाहतात. निळा आणि पांढरा भाग मिळतात त्या रेषेवर ३५ (किलोमागे ग्रॅम क्षार), म्हणजे विशिष्ट गुरुत्व (शुद्ध पाण्याच्या तुलनेतली घनता) सुमारे १.०२६, हवे. हे उपकरण शुद्ध पाण्याने शून्यावर आणून भागत नाही, ३५ च्या प्रमाणित द्रावणाने जुळवावे लागते. स्वस्तातली बरीच मिठाच्या द्रावणासाठी बनलेली असतात आणि समुद्राच्या पाण्याला थोडी चुकतात. नवे पाणी टाकीच्या तापमानाला, २४ ते २६ अंशांना, आणून मगच बदलतात. दर एक-दोन आठवड्यांनी टाकीच्या दहावा ते सातवा हिस्सा.

रोजचा विषय वेगळा आहे. पाणी उडते, क्षार उडत नाहीत. १०० लिटरच्या टाकीतले १० लिटर उडाले की ३५ चा खारेपणा ३९ कडे सरकतो, आणि घट खाऱ्या पाण्याने भरली तर तो ३८.५ वर अडकून राहतो. म्हणून उडालेल्या पाण्याची भर शून्य टीडीएसच्या गोड्या पाण्यानेच, काचेवर मार्करने ओढलेल्या रेषेपर्यंत, शक्यतो रोज घालतात.