सायबर पोलीस वेगळे, ‘सर्ट’ वेगळी

2 जुलै 2021, शुक्रवार. अमेरिकेत चार जुलैच्या सुट्टीची लगबग चाललेली. नेमका तोच मोका साधून ‘आर-ईव्हिल’ नावाच्या टोळीनं कसेया या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, सोडलं. इतरांचे संगणक सांभाळायचं कंत्राट घेणाऱ्या कंपन्या हे सॉफ्टवेअर वापरत, म्हणून साठाहूनही कमी ग्राहकांच्या वाटेनं हल्ला सुमारे पंधराशे व्यवसायांपर्यंत पोचला. स्वीडनमध्ये कोऑप या साखळीची गल्ल्यावरची यंत्रंच बंद पडली आणि तिची शेकडो दुकानं उघडू शकली नाहीत. लोक असे हवालदिल झालेले असताना फायलींचं कुलूप उघडणारी किल्ली एफबीआयच्या हाती आली होती. टोळीच्या सर्व्हरमध्ये शिरून त्यांनी ती मिळवली होती. जवळजवळ तीन आठवडे त्यांनी ती कसेयाला दिली नाही.

का, तर टोळीवर मोठी कारवाई आखलेली होती आणि किल्ली वाटली की टोळी सावध होणार होती. कारवाई राहिलीच. 13 जुलैला टोळीचे सर्व्हर आपणहूनच गायब झाले. किल्ली कसेयाला मिळाली 21 जुलैच्या सुमारास. सप्टेंबरमध्ये बातमी फुटली तेव्हा एफबीआयचे संचालक क्रिस्टोफर रे यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितलं की असे निर्णय एकट्यानं नाही, बाकीच्या संस्थांबरोबर मिळून घेतले जातात.

एफबीआयवर तेव्हा बरीच टीका झाली. मला ती अर्धीच पटते. कारण पोलीस इथे पोलिसांसारखेच वागले. किल्ली हाती येताच वाटून मोकळं होणं हा दुसऱ्या एका संस्थेचा स्वभाव आहे, आणि आपण या दोन संस्था सर्रास एकच समजतो.

ती दुसरी संस्था म्हणजे ‘कॉम्प्युटर इमर्जन्सी रिस्पॉन्स टीम’, थोडक्यात सर्ट. तिचा जन्म पोलीस खात्यात झालेला नाही. नोव्हेंबर 1988 मध्ये एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरणाऱ्या ‘मॉरिस वर्म’नं त्या वेळच्या छोट्याशा इंटरनेटचा मोठा भाग आडवा केला आणि कोणी कोणाला फोन करायचा हेच कोणाला कळेना. त्या गोंधळानंतर महिन्याभरात अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून कार्नेगी मेलन विद्यापीठात पहिली सर्ट उभी राहिली. काम तीन प्रकारचं: बिघाड काय ते ओळखणं, इतरांना सावध करणं आणि भोक बुजवायला मदत करणं. वर्म कोणी सोडला हा प्रश्न एफबीआयकडे गेला. आजही बहुतेक देशांच्या राष्ट्रीय सर्टला अटकेचा अधिकार नसतो.

जोड्या लावून पाहिलं तर ब्रिटनमध्ये पोलिसी बाजू नॅशनल क्राइम एजन्सीच्या सायबर विभागाकडे आहे, तो 2013 चा. सावरण्याची बाजू नॅशनल सायबर सिक्युरिटी सेंटरकडे, ते 2016 चं, आणि तेही जीसीएचक्यू या गुप्तवार्ता संस्थेचा भाग. अमेरिकेत पोलिसी बाजूला एफबीआय आणि सावरण्याच्या बाजूला 2018 ची सिसा ही सायबर सुरक्षा संस्था. भारतात गृह मंत्रालयाचं आय-फोर-सी, म्हणजे इंडियन सायबर क्राइम को-ऑर्डिनेशन सेंटर, आणि इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाची सर्ट-इन, जी 2004 पासून काम करते. खातं वेगळं म्हणजे काम वेगळं अशी खूणगाठ बांधायला जाल तर जर्मनीत फसाल. तिथे बीकेए हे संघीय पोलीस आणि बीएसआय ही सुरक्षा संस्था दोन्ही गृह मंत्रालयाखालीच येतात.

खरा फरक कळतो तो हल्ला झालेल्या यंत्रासमोर दोघांना उभं केल्यावर. सर्टचा माणूस म्हणतो, आधी नेटवर्क तोडा, पुसून काढा, बॅकअपवरून नवं उभारा, कारण उद्या सकाळी काम सुरू व्हायला हवं. तपास अधिकारी म्हणतो, हात लावू नका. त्याला डिस्कची जशीच्या तशी प्रत हवी, तिचं हॅश मूल्य, म्हणजे प्रतीत काही बदललं तर लगेच उघड करणारा आकडा, हवं, मुद्देमाल कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची अखंड नोंद हवी. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅशही नोंदवावा लागतो. घाईघाईत पुसलेला सर्व्हर म्हणजे कोर्टात पडलेली केस.

माहितीचंही तसंच. सर्टचा सगळा कारभार विश्वासावर चालतो. माहितीवर लाल, पिवळसर, हिरवा अशा खुणा असतात आणि ती किती दूर जाऊ द्यायची हे देणारा ठरवतो. ब्रिटनच्या सायबर सिक्युरिटी सेंटरनं तर 2023 मध्ये डेटा संरक्षणाचे नियामक असलेल्या तिथल्या माहिती आयुक्तांबरोबरच्या करारात लिहूनच दिलं की एखाद्या संस्थेनं विश्वासानं सांगितलेली गोष्ट तिच्या संमतीशिवाय नियामकाला कळवली जाणार नाही. पोलिसांना असा शब्द देता येत नाही. दोषारोपपत्र दाखल झालं की पुरावा आरोपीच्या वकिलाच्याही हाती जातो. म्हणून कंपन्या सर्टशी मोकळेपणानं बोलतात आणि पोलीस ठाण्याची पायरी चढायला कचरतात.

पैसा आणि माणसं कुठे लागतात तेही यावरूनच ठरतं. सर्टला चोवीस तास जागणारा छोटा, हुशार गट पुरतो, आणि तो एका छताखाली बसू शकतो. पोलिसांचं तसं नाही. फसलेला माणूस तक्रार द्यायला जवळच्याच ठाण्यात जातो, त्यामुळे राष्ट्रीय पथक कितीही सज्ज असलं तरी खालच्या पायऱ्या रिकाम्या असून चालत नाहीत. ब्रिटननं तीन थर केले: वर राष्ट्रीय विभाग, मध्ये प्रादेशिक पथकं, आणि 2019 पर्यंत इंग्लंड-वेल्समधल्या प्रत्येक पोलीस दलात स्वतंत्र सायबर युनिट.

भारतात अडचण आणखी मुळातली आहे. पोलीस हा राज्यांचा विषय. म्हणून आय-फोर-सी स्वतः गुन्हे नोंदवून तपास करत बसत नाही. गुन्हा नोंदवतं राज्याचं पोलीस ठाणं, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. 2018 मध्ये या केंद्रासाठी 415.86 कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. तिच्या रचनेत राष्ट्रीय तक्रार पोर्टल, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, प्रशिक्षण आणि राज्याराज्यांतल्या पथकांचा मेळ असे भाग आहेत. म्हणजे पैसा प्रामुख्यानं जोडकामाला. फोन झारखंडमधून, खातं हरियाणातलं, फसलेला तिसऱ्याच राज्यातला, अशा गुन्ह्यात जोडकाम हेच अर्धं काम असतं. इथे खरा खड्डा मला माणसांचा वाटतो. सर्ट्सनाही खासगी कंपन्यांच्या पगारांशी झगडावं लागतं, पण पोलिसांकडे बदल्यांची भर आहे. लॉग, म्हणजे यंत्रातल्या घडामोडींची आपोआप होणारी नोंद, वाचायला शिकलेला अधिकारी दोन-तीन वर्षांत वाहतुकीला गेला की पुन्हा श्रीगणेशा.

गोंधळाला आणखी एक निमित्त आहे. कामं मधूनमधून एकमेकांत मिसळतात. 1930 ही सायबर फसवणुकीच्या तक्रारींची हेल्पलाइन गृह मंत्रालयाच्या व्यवस्थेतली, पण फोन येताच ती करते काय, तर बँकांना कळवून पुढे सरकणारी रक्कम अडवते. तो तपास नाही, गळती थांबवणं आहे. उलट सर्ट-इननं एप्रिल 2022 मध्ये आदेश काढला की घटना सहा तासांत कळवा आणि लॉग 180 दिवस जपून ठेवा. लॉग जपण्याचा फायदा तपासालाही होतोच. मात्र सर्ट-इनला कळवलं म्हणजे तक्रार झाली असं समजू नये. एफआयआरसाठी वेगळं जावं लागतं. कंपन्यांत ही चूक वारंवार होते.

जर्मनीनं जानेवारी 2021 मध्ये ‘इमोटेट’ या मालवेअरच्या (घातक सॉफ्टवेअरच्या) जाळ्यावरच्या कारवाईत वाटणी नीट केली होती. अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून सर्व्हर ताब्यात घेतले, बीकेएनं बाधित संगणक पोलिसांच्या सर्व्हरकडे वळवले, आणि ज्यांचे संगणक बाधित होते त्यांना कळवायचं काम बीएसआयनं इंटरनेट कंपन्यांमार्फत केलं. 25 एप्रिलला ते मालवेअर संगणकांवरून आपोआप निघून जाईल अशी सोयही करून ठेवली होती. तेव्हा पोलिसांनी परक्याच्या संगणकात परस्पर काही बदलावं का, यावर तिथे वाद झाला, आणि तो रास्तच होता. अमेरिकेत त्याच एप्रिलमध्ये एफबीआयनं मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजच्या सर्व्हरमधले हल्लेखोरांचे चोरदरवाजे मालकांना आधी न विचारता काढले, पण न्यायालयाची परवानगी घेऊन.

आणि कसेयानंतर बरोबर वर्षानं, जुलै 2022 मध्ये, एफबीआय ‘हाइव्ह’ टोळीच्या सर्व्हरमध्ये शिरली. या वेळी किल्ल्या अडवून ठेवल्या नाहीत. सात महिने आत बसून, हल्ला सुरू असलेल्या तीनशेहून अधिक बळींना त्या गुपचूप पोचवल्या, आधीच्या हजारावर बळींनाही दिल्या, आणि टोळीला पत्ता लागू दिला नाही. जानेवारी 2023 मध्ये जर्मन आणि डच पोलिसांच्या साथीनं सर्व्हर जप्त झाले. त्या दिवशी अटक मात्र एकही जाहीर झाली नाही.