दात्रकोशिका रोग (सिकलसेल)

हीमोग्लोबिनातील आनुवंशिक बदलामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, तो रोग. दोषयुक्त जनुक आई व वडील दोघांकडून आल्यास व्यक्ती रुग्ण (एसएस), एकाकडूनच आल्यास वाहक (एएस) ठरते. मध्य भारतातील आदिवासी पट्टा, विदर्भ व सातपुड्याचा परिसर येथे तो विशेष आढळतो; मात्र तो केवळ आदिवासींचा रोग नव्हे. विदर्भात अनुसूचित जाती व इतर मागास समाजांतही त्याचे रुग्ण आहेत.

शिकागोचे वैद्य जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातील अशा पेशींचे वर्णन १९१० मध्ये प्रसिद्ध केले. लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दोष हीमोग्लोबिनाच्या रेणूत असल्याचे दाखविले. हीमोग्लोबिनातील प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्ल या अमिनो अम्लाऐवजी व्हॅलीन हे दुसरे अमिनो अम्ल येते, एवढाच तो फरक. ऑक्सिजन कमी झाला की हे रेणू एकमेकांना चिकटून दांड्यांसारखे लांबतात. काचपट्टीवरील रक्ताच्या थेंबात सोडियम मेटाबायसल्फाइट (ऑक्सिजन काढून घेणारे रसायन) घालून झाकले, तर गोल पेशी सूक्ष्मदर्शकाखाली वाकताना दिसतात.

भारतातील पहिल्या नोंदी १९५२ च्या आहेत : नीलगिरीतील जमातींमध्ये लेमान व कटबुश यांची, आसामच्या चहामळ्यांतील मजुरांमध्ये डनलॉप व मुजुमदार यांची. लेमान यांनी या जनुकाचा संबंध ‘वेड्डॉइड’ (दक्षिण भारत व श्रीलंकेतील आदिवासींचा म्हणून कल्पिलेल्या) वंशाशी जोडला होता. ते वर्गीकरण आता ग्राह्य धरले जात नाही. जनुकाच्या उगमाचा वाद मात्र मिटलेला नाही. या जनुकाभोवतीच्या डीएनएच्या ठेवणीवरून सेनेगल, बेनिन, बांटू, कॅमेरून व अरब-भारतीय असे पाच प्रकार पाडतात. यावरून उत्परिवर्तन (जनुकातील बदल) निरनिराळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे घडले, असे १९८० च्या दशकापासून मानले गेले. श्रायनर व रोतिमी यांनी २०१८ मध्ये संपूर्ण जीनोमांच्या (व्यक्तीच्या सगळ्या डीएनएच्या) आधारे, ते आफ्रिकेत सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी एकदाच घडले असावे, असे मत मांडले. त्यांचे नमुने प्रामुख्याने आफ्रिकी वंशाचे असल्याने, अरब-भारतीय प्रकारापुरते स्वतंत्र उगमाचे मत सोडून देणे घाईचे वाटते.

जनुक टिकण्याच्या कारणाबाबत एवढा मतभेद नाही. वाहकालाही हिवताप होतो, पण फॅल्सिपॅरम या परजीवीमुळे होणाऱ्या हिवतापाच्या प्राणघातक रूपापासून त्याला बरेच संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील पाहणीतून मांडले. पश्चिम आफ्रिकेत जंगलतोड करून शेती सुरू झाल्यावर डासांना उघडी डबकी मिळाली व जनुकाचा प्रसार झाला, असे लिव्हिंगस्टन यांनी १९५८ मध्ये सुचविले. म्हणजे नांगरट-पेरणीचा ठसा रक्तात उमटला.

अरब-भारतीय प्रकारात गर्भीय हीमोग्लोबिन मोठेपणीही जास्त राहते, त्यामुळे रोग सौम्य असतो असे म्हणतात. ओडिशा व गुजरातच्या आदिवासी रुग्णांना ते बरेचसे लागू पडते. त्यांच्यात आल्फा थॅलॅसेमियाही (हीमोग्लोबिनाची आल्फा साखळी कमी बनण्याचा आनुवंशिक दोष) वारंवार सोबत असतो. नागपूरकडच्या रुग्णालयांत मात्र तीव्र रुग्णही पुष्कळ दिसतात.

तान्ह्या मुलाचे हात-पाय सुजणे हे अनेकदा पहिले लक्षण. पुढे हाडे-सांधे ठणकतात. वात समजून दुर्लक्ष होते. ताप, थंडी, अतिश्रम व शरीरातील पाणी कमी होणे यांनी वेदनेचा झटका येतो, म्हणून उन्हाळ्यात शेतात राबणाऱ्या रुग्णाला भरपूर पाणी पिण्यास बजावतात. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने झटके कमी होतात. दोन्ही जोडीदार वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात रुग्ण अपत्याची शक्यता २५ टक्के असते. एक मूल रुग्ण निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा तिचा अर्थ नाही.