रिटर्न टू डस्ट : समीक्षा आणि वाद

चिनी दिग्दर्शक ली रुईजून (जन्म १९८३) याचा ग्रामीण प्रेमकथापट. मूळ नाव ‘यिन रू छन यान’, म्हणजे साधारणपणे धुळीधुरात विरून जाणे. फेब्रुवारी २०२२ मध्ये बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धा विभागात तो प्रथम दाखवला गेला.

भावाकडे राबणारा मा यौथ्ये आणि लंगडणारी, लघवीवर ताबा नसलेली छाव क्वेइयिंग यांचे लग्न घरचे उरकून टाकतात, ते ब्याद टळावी म्हणून. पुढे एक गाढव, उसनी अंडी आणि मातीच्या विटा यांवर दोघे संसार उभा करतात. समीक्षकांना भावला तो या संसारातील संथपणा. यौथ्ये गव्हाचे दाणे बायकोच्या हातावर फुलासारखे मांडून दाबतो. दाणे उचलले की कातडीवर फूल उमटलेले असते. भोके पाडलेल्या खोक्यात दिवा लावून पिले उबवताना भिंतीभर उजेडाचे ठिपके पसरतात. नायकाची भूमिका करणारे वू रेनलिन हे दिग्दर्शकाच्या मावशीचे यजमान, पेशाने शेतकरी. नायिका हाय छिंग मात्र दूरचित्रवाणीवरील नामवंत अभिनेत्री. तिने आधी गावात राहून शेतीकाम अंगवळणी पाडून घेतले. दोघांच्या अभिनयातला सांधा दिसत नाही, ही दाद रास्तच आहे.

टीकाही झाली. परदेशी महोत्सवांसाठी दारिद्र्य मांडून ठेवले, हा चीनमधला मुख्य आक्षेप (भारतीय वाचकाला तो ओळखीचा वाटेल). नायक फारच सोशिक, असेही काहींना वाटले. बड्या असामीला यौथ्येने वारंवार रक्त द्यावे, हे शोषणाचे रूपक तर ढोबळच आहे.

सुमारे २० लाख युआन खर्चून काढलेल्या या चित्रपटाकडे जुलैत, प्रदर्शनावेळी, फारसे कोणी फिरकले नाही. तोंडी प्रसिद्धीने सप्टेंबरमध्ये कमाई १० कोटी युआनच्या पुढे गेली. त्याच महिन्याच्या अखेरीस, सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या अधिवेशनाआधी, तो चिनी ऑनलाइन मंचांवरून नाहीसा झाला. कारण जाहीर झाले नाही.

सर्वाधिक खल झाला शेवटावर. क्वेइयिंग कालव्यात बुडून मरते. यौथ्ये सगळी उसनवारी फेडतो, गाढवाला मोकळे सोडतो आणि अंथरुणावर आडवा होतो. चीनमधील प्रतीत त्यानंतर पाटी येते : सरकार आणि गावकऱ्यांच्या मदतीने तो नव्या घरात राहायला गेला. पाटीच्या आधीची दृश्ये पाहिलेल्या अनेकांनी यौथ्येचे ते आडवे होणे आत्महत्याच मानले.