ग्राफिक्स इंटरफेसचे रूपांतर (संगणकीय खेळ)

जुन्या ग्राफिक्स इंटरफेससाठी (खेळ ग्राफिक्स कार्डाला चित्रे काढायला सांगतो त्या ठरलेल्या आज्ञांच्या संचासाठी) लिहिलेल्या खेळाच्या आज्ञा, खेळ चालू असतानाच, नव्या इंटरफेसच्या आज्ञांत बदलून देण्याचे तंत्र. खेळ आणि ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) यांच्यामध्ये बसलेली लायब्ररी हे काम करते. खेळ तिलाच मूळ इंटरफेस समजतो, त्यामुळे त्याचा सोर्स कोड हाताशी नसला तरी चालते.

थ्रीडीएफएक्स कंपनीचा ग्लाइड इंटरफेस तिच्या व्हूडू कार्डांपुरताच होता. इतर कार्डांवर ते खेळ चालावेत म्हणून ग्लाइडच्या आज्ञा मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टथ्रीडी किंवा अनेक प्रणालींवर चालणाऱ्या ओपनजीएल इंटरफेसमध्ये बदलणारे ‘रॅपर’ तयार झाले. डायरेक्टथ्रीडीची अडचण निराळी: ते विंडोजशी बांधलेले. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या वाइन प्रकल्पाने ते ओपनजीएलच्या आधाराने चालवले, पण वेग अनेकदा कमी पडे. २०१६ मध्ये क्रोनोस ग्रुप या उद्योगसंघाचा व्हल्कन हा नवा इंटरफेस आला आणि हार्डवेअरवर बारकाईने ताबा मिळाला. त्यावर फिलिप रेबोले यांनी डायरेक्टथ्रीडीचे व्हल्कनमध्ये रूपांतर करणारे डीएक्सव्हीके उभारले. आधी डायरेक्टथ्रीडी ११, पुढे ९ आणि ८ असे ते मागेमागे जात राहिले. लिनक्सवर विंडोजचे खेळ चालवणाऱ्या, व्हॉल्व कंपनीच्या प्रोटॉन या साधनात २०१८ पासून ते आहे. व्हॉल्वच्याच स्टीम डेक या हातात धरायच्या, लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रावर विंडोजचे खेळ चालतात त्यात त्याचा मोठा वाटा आहे.

शब्दाला शब्द ठेवून हे काम होत नाही. डायरेक्टथ्रीडी ११ मध्ये शेडर (रंग-प्रकाश ठरवणारे, कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम), ब्लेंडिंग (रंगांची सरमिसळ) वगैरे गोष्टी सुट्या-सुट्या, अगदी शेवटच्या क्षणीही बदलता येतात. व्हल्कनला हे सारे एका पाइपलाइनमध्ये आधीच बांधून हवे असते. नेमके काय हवे ते कळते प्रत्यक्ष चित्र काढण्याच्या वेळी. तेव्हा ती पाइपलाइन कंपाइल करायला (कार्डाच्या भाषेत बदलायला) घेतली की खेळ क्षणभर अडखळतो. खेळाडू याला ‘स्टटर’ म्हणतात. पाइपलाइनचे भाग आधी तयार ठेवून ऐनवेळी जोडण्याची सोय व्हल्कनच्या एका एक्स्टेन्शनने (वाढीव जोडसुविधेने) दिली. २०२२ च्या डीएक्सव्हीके २.० ने ती वापरली आणि हा त्रास पुष्कळ कमी झाला.

खरी कसोटी मात्र कागदावर नसलेल्या सवयींची असते. डायरेक्टथ्रीडी ९ च्या काळातील हार्डवेअरवर शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच येई, आणि अनेक खेळ त्यावर विसंबून होते. आजच्या नियमाने शून्य गुणिले अनंत म्हणजे ‘संख्या नव्हे’, आणि असे एक उत्तर पुढच्या गणितात पसरत जाऊन पडद्यावर काळे डाग उमटवते. त्याहून जुन्या अनेक खेळांत शेडरच नसत. प्रकाश, धुके यांची फक्त बटणे असत, म्हणून तिथे रूपांतर करणाऱ्यालाच शेडर रचावे लागतात. मूळ खेळ जसा दिसे तसाच दिसावा, यासाठी घेतलेले हे कष्ट या क्षेत्रातील सर्वांत मोलाचे काम होय.

मॅकवर व्हल्कन नसल्याने मोल्टनव्हीके त्याचे रूपांतर ॲपलच्या मेटल इंटरफेसमध्ये करते. गूगलचे अँगल उलट्या दिशेने जाते: ब्राउझरमध्ये त्रिमितीय चित्रे काढणारे वेबजीएल विंडोजवर डायरेक्टथ्रीडीच्या आधाराने चालवते. खुद्द विंडोजवरही हे तंत्र लागते. इंटेलने २०२२ मध्ये आर्क ही ग्राफिक्स कार्डे आणली तेव्हा त्यांच्या ड्रायव्हरमध्ये डायरेक्टथ्रीडी ९ स्वतंत्रपणे नव्हते. ते मायक्रोसॉफ्टच्या रूपांतर-थरातून डायरेक्टथ्रीडी १२ वर चालवले जाई.